आधी कोपर, मग मनगट

हे गेले तेव्हा मी रडले नाही. आमच्या पाहुण्यारावळ्यांत हे अजून बोललं जातं. नणंद पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "रड गं बाई, मोकळी हो," आणि मी तिच्या हातातल्या बांगड्यांकडं बघत होते. त्यातली एक पिचलेली होती. ती कुणाला तरी लागेल, एवढंच डोक्यात होतं.

हार्ट अटॅक होता. दौंडहून पुण्याला नेताना, यवत सोडल्यावर कुठंतरी, ॲम्ब्युलन्समध्येच गेले. डॉक्टर नव्हता बरोबर, एक ब्रदर होता. त्यानं मनगट धरलं, माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. तो हडपसरपर्यंत भोंगा वाजवत गेला, आणि पुढच्या गाड्या आम्हाला वाट देत बाजूला होत होत्या. त्या माणसाला कुणीतरी सांगायला पाहिजे की आता घाई नाही, असं मला वाटत होतं. सांगितलं मात्र कुणीच नाही, मीही नाही.

हे एक्कावन्न वर्षांचे होते, मी त्रेचाळीस. मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते, हॉस्टेलवर असते. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या शिरूर तालुक्यातल्या, घोडनदीच्या काठच्या. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती, पुढं जमीन झाली. जमीन थोरला दीर बघतो, आणि आत्या आमच्याकडं राहतात, कारण हे शेंडेफळ.

चार महिन्यांनी साखर कारखान्यानं मला ह्यांच्या जागेवर घेतलं. टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांच्या हजेरीचं काम. खुर्ची तीच, टेबल तेच. ड्रॉवरमध्ये ह्यांचा कंगवा होता, ॲसिडिटीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं आणि चष्म्याचं रिकामं घर. मी ते सगळं एका कॅरीबॅगमध्ये भरून घरी आणलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. ह्यांचा मोबाइलही तिथंच होता, बंद करून ठेवलेला. ऑफिसातले सगळे चांगले वागत होते. मी चालत आले की बोलणं थांबायचं, एवढंच.

त्याच सुमारास मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. माझी पहाटे साडेपाचला उठायची सवय मोडलेली नव्हती. हे पावणेसहाला फिरायला जायचे, त्याआधी मी त्यांना चहा करून द्यायचे. आता चहा प्यायला कुणी नव्हतं आणि जाग तर येत होती. म्हणून मग मीच ह्यांच्या वेळेला बाहेर पडायला लागले. हे नदीकडं जायचे, मीही नदीकडं जायला लागले. दुसरीकडं कुठं जावं हे सुचलं नाही.

भीमेच्या काठाला, वस्ती संपते तिथं, एक पडीक माळ आहे. बाभळी, दोन लिंबाची झाडं, बंद पडलेलं पंपहाऊस. तिथं एक म्हातारे गृहस्थ रोज दिसायचे. पांढरी दाढी, डोक्याला गोल टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. ते ताटलीसारखं काहीतरी फेकायचे, मग चालत जाऊन उचलायचे, परत फेकायचे. पहिल्या दिवशी मी बघितलं आणि पुढं गेले. आठ-दहा दिवस असंच चाललं.

एके दिवशी ती ताटली हवेत वळली आणि माझ्यापासून चार पावलांवर येऊन पडली. नारिंगी, प्लास्टिकची, जेवणाच्या ताटलीपेक्षा लहान पण हाताला जड. मी ती उचलून त्यांच्याकडं फेकली. ती दहा फूट गेली, उभी झाली आणि चाकासारखी घरंगळत खड्ड्यात पडली.

"तशी न्हाई, ताई," ते लांबूनच म्हणाले. "पुन्हा टाका."

मी ती खड्ड्यातून काढली आणि नुसतीच नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली नाही.

"पुन्हा टाका म्हणलं की."

त्यांना सगळे चाचा म्हणायचे. ते रेल्वेत फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांची मुलगी आणि जावई अमेरिकेत. सहा महिने तिकडं राहायला गेले होते, करमेना. घराजवळच्या बागेत लोक ह्या चकत्या लोखंडी टोपल्यांमध्ये फेकत होते. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूच्या जागी चकती आणि खड्ड्याच्या जागी टोपली. जो कमी फेकींत पोचेल तो जिंकला. चाचा रोज बाकावर बसून बघायचे. शेवटी एका गोऱ्या म्हातारीनं त्यांना बोलावलं आणि शिकवलं. येताना त्यांनी पाच चकत्या आणल्या आणि टोपल्या इथंच बनवल्या. सायकलची रिम, तिला लोंबणाऱ्या साखळ्या, खाली पत्र्याची पाटी, मधून पाइप, आणि पाइप रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला. अशा तीन टोपल्या त्या माळावर होत्या. चौथी कुणीतरी भंगारात घालायला उचलून नेली होती.

हे सगळं मला नंतर हळूहळू कळलं. त्या दिवशी त्यांनी फक्त माझा हात बघितला.

"चारी बोटं खाली, कडेच्या आत दुमडून घ्या. अंगठा वर. दाबून धरा. सैल धरली की डगमगती."

मी दाबून धरली.

"आता टोपलीकडं तोंड करून उभं न्हाई राहायचं. उजवा खांदा टोपलीकडं. पाय हलवायचे न्हाईत आज."

मी आडवी उभी राहिले. चकती छातीच्या उंचीवर, हात डावीकडं मागं नेलेला. त्यांनी सांगितलं, फेकायची नाही, ओढायची. मला कळेना. ते जरा विचारात पडले, मग म्हणाले, "शेतात औषध मारायचा पेट्रोलचा पंप बघितलाय? चालू करताना दोरी कशी ओढत्यात? सरळ, छातीला घासून. आधी कोपर येतं पुढं, मग हात, मग मनगट. तसं."

तो पंप मी माहेरी शंभरदा चालू केला होता. मी दोरी ओढल्यासारखा हात ओढला. चकती सुटली, वर चढली, हवेत थांबल्यासारखी झाली आणि डावीकडं आपटली.

"नाक वर झालं," चाचा म्हणाले. चकतीची पुढची कड म्हणजे नाक. ते वर राहिलं की ती वर चढते आणि तिथंच मरते. नाक खाली दाबलेलं पाहिजे, मनगट किंचित खाली मोडून.

त्या दिवशी मी वीसेक वेळा फेकली. सगळ्यांचं नाक वर.

मला आवडलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले असं म्हणता येणार नाही. त्या दिवसांत मला काही आवडत नव्हतं आणि काही नकोसंही वाटत नव्हतं. आत्या विचारायच्या, भाजी कोणती करू, आणि मला खरंच दोडका आणि गवार यांत काही फरक वाटायचा नाही. माळावर निदान कुणीतरी सांगत होतं की हात इथं ठेव, पाय तिथं ठेव. मी ठेवत होते. तासभर जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी उजव्या बरगडीपासून मानेपर्यंत ठणका लागला. ऑफिसात हजेरीचं रजिस्टर वरच्या फळीवरून काढता येईना. मी शिपायाला काढायला सांगितलं, तर त्यानं "तब्येत बरी आहे ना वहिनी?" असं फार हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, हात दुखतोय. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला दुसरंच उत्तर पाहिजे असावं.

चाचा फार बोलायचे नाहीत. माझं नाव त्यांनी विचारलं नाही, घर कुठं ते विचारलं नाही. माझ्या कपाळाकडं आणि गळ्याकडं बघून त्यांना कळलं असेलच. ते फक्त कोपराबद्दल बोलायचे. "हात अंगाभोवती फिरवू नका. फिरवला की चकती भलतीकडं जाती. सरळ रेघ ओढा." मग स्वतःच माझ्यासमोर उभे राहून हवेत रेघ ओढून दाखवायचे. मग सांगायचे, वजन आधी मागच्या पायावर, मग पुढच्या. एका वेळी एकच गोष्ट सांगायचे आणि ती जमल्याशिवाय दुसरी काढायचे नाहीत. नाक खाली यायला मला तीन आठवडे लागले. मग उशिरा सुटायला लागली आणि उजवीकडं, बाभळीत जायला लागली. बाभळीतून काढताना हातावर ओरखडे. आत्यांनी ते बघितले, हळद लावली, विचारलं काही नाही.

पावसाळ्यात माळावर गुडघाभर गवत झालं. नारिंगी चकती दिसायची, हिरवी दिसायची नाही. आम्ही दोघं गवतात काठ्या घेऊन ती शोधायचो. कुणी म्हणायचं, साप असतील. आम्हाला दिसले नाहीत.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी ती गोष्ट झाली. रविवारी चाचा थर्मासमधून चहा आणायचे. आम्ही पंपहाऊसच्या पायरीवर बसलो होतो, मध्ये हातभर अंतर सोडून. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "तुम्ही नोकरीला कुठं, ताई?"

मी कारखान्याचं सांगितलं. टाइम ऑफिसात आहे म्हटलं.

"टाइम ऑफिस?" त्यांनी कप खाली ठेवला. "मग तुमच्या ऑफिसातले एक साहेब यायचे की इथं. डावखुरे. चष्मा होता."

माझ्या हातात बिस्कीट होतं. ते चहात पडलं.

"रोज यायचे. दीड-दोन वर्षं यायचे. मागच्या दिवाळीनंतर आलेच न्हाईत. सांगितलं बी न्हाई. दोनदा फोन लावला, बंद. मी म्हणलं, कंटाळला असंल माणूस." त्यांच्या आवाजात राग होता. वर्ष होत आलं तरी होता. "चकती पण घेऊन गेलेत एक. निळी."

"ते आता नाहीत ऑफिसात," मी म्हटलं.

"सोडली नोकरी?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता यायचं नाही. कप धुतला, त्यांना दिला आणि घरी आले.

हे फिरायला जायचे. मला तरी तसंच सांगितलं होतं. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी नदीवर जाऊन चकत्या फेकत होता आणि घरी येऊन म्हणत होता, आज धुकं होतं, आज वारं होतं. आणि ह्यांचा डावा खांदा. त्या खांद्याला मी सहा महिने रोज झोपण्याआधी तेल चोळून दिलं होतं. हे म्हणायचे, ऑफिसची खुर्ची खराब आहे. मी साहेबांना सांगून खुर्ची बदलून घ्या म्हणून मागं लागले होते. त्याच खुर्चीवर मी आता सहा महिने बसत होते, आणि खुर्ची चांगली होती.

मला राग आला का? यायला पाहिजे होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघितली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग मी कपाटातून मोबाइल काढला आणि चार्जिंगला लावला.

नंबर 'चकती चाचा' म्हणून सेव्ह होता. फोटोंमध्ये फार काही नव्हतं, मुलीचे, गाडीच्या कागदांचे, आणि एक व्हिडिओ, नऊ सेकंदांचा. माळ, ती पुढची टोपली, आणि हे पाठमोरे. तीन पावलं टाकून वळतात, फेकतात. चकती चित्राच्या बाहेर जाते. मग मागं वळून बघतात आणि हसतात, आणि कुणीतरी खोकतं. ते खोकणं चाचांचं.

मी तो परत लावला. परत लावला. आणि खरं सांगते, मी ह्यांचा चेहरा बघत नव्हते. मी कोपर बघत होते. हात अंगाभोवती फिरत होता, गोल. म्हणून चकती भलतीकडं जात होती.

आत्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय हाय ते?"

मी दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लाव." मी लावला.

"शर्ट कोणता घातलाय? चौकड्याचा?"

"हो."

"तो फाटला व्हता ना गं?"

"फाटला होता. सकाळी फिरायला तोच घालायचे."

"आन् हे काय करतोय?"

मी सांगितलं. चकती, टोपल्या, चाचा. मीही आता तेच करते आहे हे सांगितलं. हातावरचे ओरखडे कशाचे ते सांगितलं. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "खांदा दुखतोय म्हणायचा." आणि हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि ते हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले. त्या रडत होत्या आणि मी त्यांचा हात धरला होता, गॅस बंद केला का नाही ते आठवत.

चाचांना सांगायला मला चार दिवस लागले. ते चारही दिवस मी गेले, फेकलं, परत आले. पाचव्या दिवशी सगळ्या चकत्या गोळा करून झाल्यावर म्हटलं, "चाचा, ते डावखुरे. ते माझे मिस्टर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"गेले ते. दिवाळीनंतर."

ते तिथंच गवतात बसले. ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होते, मला ऐकू आलं नाही. शेवटी म्हणाले, "मी लई शिव्या दिल्या त्यांना मनात. वर्षभर." मग टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली.

"माझ्याबद्दल काही बोलायचे?" मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं.

चाचांनी खरंच आठवून बघितलं. उगाच काहीतरी चांगलं सांगायचा त्यांचा स्वभाव नाही.

"न्हाई. घरचं बोलायचेच न्हाईत. वाऱ्याचं बोलायचे, चकतीचं बोलायचे." मग म्हणाले, "एकदा मी म्हणलं, रविवारी घरच्यांना बी घेऊन या. तर म्हणले, नको चाचा, बायको हसंल मला."

हसले असते. आत्तापर्यंत मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि मी नक्की हसले असते. एक्कावन्न वर्षांचा माणूस ताटल्या फेकतोय म्हणून मी दिवसभर हसले असते, नणंदेला फोन करून सांगितलं असतं. ह्यांचं बरोबर होतं.

"खेळायचे कसे?" मी विचारलं.

"वाईट," चाचा म्हणाले. "कोपर. कितीदा सांगितलं, ऐकलं न्हाई. तुमचा हात त्यांच्यापेक्षा बरा हाय."

निळी चकती मला घरात सापडली नाही. गाडीच्या डिकीत, माळ्यावर, सगळीकडं बघितलं. चाचांनीही परत विचारली नाही.

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. त्यासाठी दोन दिवस घोडनदीकडं गावी गेलो होतो. दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नदीवर कुणा म्हाताऱ्याबरोबर काय खेळता म्हणं तुम्ही? लोकं बोलत्यात." मी काही उत्तर द्यायच्या आत आत्या आतून म्हणाल्या, "माझा पोरगा बी जायचा. त्याला का न्हाई बोलली लोकं?" जेवणं झाली, आम्ही शिरूरच्या स्टँडवरून गाडी धरली. येताना आत्या झोपल्या, मी खिडकीतून बघत होते. नणंदेनं निघताना परत एकदा माझ्या डोळ्यांकडं निरखून बघितलं होतं. कोरडेच होते.

थंडीत गवत वाळलं, माळ मोकळा झाला. आता मी पन्नास-साठ पावलांपर्यंत सरळ टाकते, तीन पावलं चालत येऊन. नाक खाली असतं. दहातली एखादी अजून बाभळीत जाते. आतून फार काही बदललंय असं नाही. भाजी कोणती करू विचारलं तर अजून मी आत्यांना म्हणते, कोणतीही.

मागच्या रविवारी चाचांशी भांडण झालं. आम्ही तिन्ही टोपल्यांचा डाव खेळत होतो. दोन टोपल्यांपर्यंत बरोबरी. तिसऱ्या टोपलीला त्यांच्या तिसऱ्या फेकीत चकती साखळीला लागली, खणकन आवाज झाला आणि ती खाली गवतात पडली. त्यांनी ती उचलून पाटीत ठेवली आणि म्हणाले, "तीन."

"तीन कसे? खाली पडली."

"साखळीला लागली की आत."

"आत राहिली तर आत. तुम्हीच शिकवलंय. चार झाले."

"वाऱ्यानं पडली."

"वारं कुठंय? पान हलत नाहीये."

"मी अमेरिकेत खेळून आलोय, ताई."

"मग तिकडं पण असंच करत होता का?"

पंधरा मिनिटं चाललं. मी टोपलीपाशी जाऊन चकती कुठं पडली होती ते दाखवलं. ते म्हणाले, गवत दबलेलं आधीपासून आहे. मी म्हटलं, खोटं बोलताय. ते म्हणाले, वयाचा मान ठेवा. मी म्हटलं, वयाचा ठेवते, आकड्याचा कसा ठेवू. रस्त्यानं एक दूधवाला चालला होता, तो गाडी थांबवून बघत राहिला. शेवटी चाचांनी थर्मास उचलला आणि मला चहा न देता निघून गेले.

घरी आले तर आत्या म्हणाल्या, "आवाज का बसलाय गं तुझा?"

मी घशाला हात लावला. दुखत होता.

"भांडले."

"कुणाशी?"

"चाचांशी."

"कशावरनं?"

मी स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं, साखळी, गवत, वारं, सगळं. त्यांनी कणीक मळायची थांबवून ऐकलं. एकदा मध्येच विचारलं, साखळीला वर लागली का खाली. मी म्हटलं, वर. त्यांनी थोडा विचार केला.

"मग चारच," त्या म्हणाल्या.